नख अडकलं तर

नख फिरवून बघायचं आधी.
घसरलं तर पॉलिशचं काम, चहा होईतो गाडी तयार.
अडकलं तर
स्टूल पुसून द्यायचं गिऱ्हाइकाला, बसा म्हणायचं.

नेहते सरांच्या गाडीला माझं नख अडकलं
ड्रायव्हरच्या दारापाशी,
आणि मागच्या दिव्यापर्यंत अडकतच गेलं.
सर म्हणाले, फैजपूरच्या बाजारात
केळीच्या ट्रॅक्टरचा पत्रा घासला.
अब्बा म्हणाले, हां, घासतो.
पत्रा थरथरतो, त्याची रेघ तुटक पडते.
ही एकसारखी होती, कमरेच्या उंचीवर,
हँडलपाशी जरा उचललेली,
कुणीतरी चालत गेलेलं, घाई न करता.
आम्ही विचारत नाही.
मी आठशेचा पेपर पाण्यात भिजत टाकला.

चोपड्यात आमचं शेड जिनिंगच्या भिंतीला लागून.
कार्तिकात कापूस येतो, ट्रॉल्यांची रांग पार नाक्यापर्यंत,
आणि हवेतून तंतू येतात, नुसते तरंगत,
ओला रंग शोधत.
आजोबा पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडले,
मेले तेव्हाही दाढीत कापूस होता म्हणतात.
अब्बा कापसाला कंटाळून रंगात आले
तर कापूस मागोमाग आला.
म्हणून फवारा पहाटे,
फजरची नमाज आणि जिनचा पहिला भोंगा
यांच्या मधल्या तेवढ्या वेळात.

कडा उतरवल्या. पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली.
एकदम जाड थापली की उन्हात बसते,
महिन्याने रेघ वर येते, गिऱ्हाईकही.
प्राइमर. काचांवर जुनी वर्तमानपत्रं,
कपाशीचे भाव उलटे, एक नवरदेव आडवा.

मग रंग. पांढरा सगळ्यात वाईट.
लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा.
दादरच्या पिठाचा वेगळा, चुन्याचा वेगळा,
केळीच्या सोपटाच्या आतला ओला पांढरा वेगळा,
आणि कंपनीचा पांढरा इथल्या दोन उन्हाळ्यांत कुठे जातो
ते कंपनीलाही ठाऊक नसतं.
अब्बांनी डबा ढवळला, पत्र्याच्या तुकड्यावर बोट ओढलं,
दाराशी धरलं, डोळे बारीक केले.
जमनं, म्हणाले.

दारावर दूध होतं. पत्र्यावर साय.

गेल्या वर्षापासून असंच चाललंय.
त्यांच्या उजव्या बुबुळात काहीतरी गढूळ आहे,
मी जवळून पाहिलंय, ते झोपतात डोळे अर्धे उघडे टाकून.
विचारलं तर म्हणतात धूळ आहे, थिनर आहे,
दवाखान्याचं बघू कपाशी संपल्यावर.
आमच्याकडे कपाशी कुठे आहे?
ते बाहेर बिडीला गेले की मी डबा उघडते.
निळ्याचा अर्धा थेंब, काळ्याचे दोन,
काडीपेटीतल्या काडीच्या टोकाने.
ढवळते. झाकण परत तसंच, तोंड त्याच बाजूला.

पहाटे त्यांनी गन धरली.
हात अजून तोच, मनगट न वाकवता,
वीतभर अंतर, रेघेच्या अलीकडे सुरू, पलीकडे बंद.
मी बॅटरी धरून. जमिनीवर पाणी मारलेलं.
एक तंतू आलाच. चिमट्याने उचलला.

दुसऱ्या दिवशी सर दाराला नाक लावून उभे.
कोठे व्हतं हो?
अब्बांनी बोट ठेवलं,
चार बोटं खाली.
सरांना कळलं नाही, ते खूश होते.
पैसे मोजता मोजता म्हणाले, पुन्हा केलं तर?
मग ट्रॅक्टर आठवला असावा. नोटा परत पहिल्यापासून मोजल्या.

गाडी गेली. अब्बांनी काडीपेटी कानाशी हलवली.
बिडीले काड्याच पुरतस नहीत आते, म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
आणि डबा पायाने माझ्या बाजूला सरकवून
पुढच्या गाडीकडे वळले.
ती लाल होती.
लाल त्यांना दिसतो अजून.