ओळंबा

स्लॅबच्या अलीकडं आणून सोडलं आणि गेला.
गेला म्हणजे, आधी फोन उचलायचा,
"सिस्टर, उद्या सेंट्रिंगवाला येतोय, पक्का."
मग नुसता वाजत राहायचा.
मग वाजायचाही बंद झाला.

सेलूत, पाथरी रोडला, तीस बाय चाळीस.
सव्वीस वर्षांच्या रात्रपाळ्यांचा प्लॉट,
आणि फंडातून काढलेले नऊ लाख वीस हजार
हप्त्या-हप्त्यानं सुदाम टेकाळे गुत्तेदाराच्या हातात.
शंभराच्या बॉण्डवर त्याची सही आहे.
सुबक. कित्ता गिरवल्यासारखी.

नऊ कॉलम उभे आहेत.
डोक्यावर जालन्याच्या सळया बोटं वर करून,
उत्तर येतंय पण गुरुजी विचारत नाहीत तशा.
टँकरचे सहाशे मोजून मीच पाणी मारलं त्यांना,
ड्यूटीवरून येऊन, गोणपाट गुंडाळून,
बाळंतिणीच्या पोटाला बांधतात तसं घट्ट.

देवघर धरलं होतं त्या कोपऱ्यात
शेजाऱ्यांची शेळी व्याली.
मीच गेले सोडवायला. सवय.

रज्जाक मिस्त्री सापडला आठवडी बाजारात.
"माझी बी अठरा दिवसांची मजुरी अडकलीय, ताई."
भांडायला गेले होते,
चहा पाजून आले.

काझी वकील म्हणाले, परभणीला ग्राहक आयोगात टाकू,
पावत्या आणा.
पावत्या मागितल्या की तो हसायचा,
"तुमच्यामाझ्यात कसली पावती, सिस्टर,
माझी पोरगी तुमच्या हातावर आली."
आली होती. खरं आहे.
पहाटे चारला, लाइट गेलेली, पाय आधी.
नाळ मी कापली.
हे काझी वकिलांनी लिहून घेतलं नाही.

रविवारी त्याच्या गावी गेले, मानवतच्या पुढं.
फाट्यापासून चालत. तोंडात सगळं तयार होतं,
चोर, लबाड, आणि त्याहून वाईट दोन शब्द
जे मी बायकांच्या तोंडून कळांमध्ये ऐकलेत.
दारात अयोध्याबाई. त्याची बायको.
पत्र्याचं घर, एका भिंतीला गिलावा, तीन भिंती तशाच.
गुत्तेदाराचं घर.
"पुण्याकडं गेलेत म्हणतेत. चार महिने झाले.
मला बी लागंना फोन."

पोरगी पाणी घेऊन आली. नऊ वर्षांची असेल.
पायाळू माणसाला पुरलेलं धन दिसतं म्हणतात.
मी तिला काही विचारलं नाही.
तीच माझ्याकडं बघत राहिली,
पेला रिकामा होईपर्यंत.

निघताना बाईनं फळीवरून काहीतरी उतरवलं.
ओळंबा. पितळेचा, दोरीसकट.
"एवढंच राहिलंय त्यांचं. न्या."
घ्यायला नको होता.
पर्समध्ये टाकला, बसमध्ये सारखा मांडीला लागत होता.

संध्याकाळी प्लॉटवर जाऊन सळईला बांधला.
थांबेचना.
वारं सगळीकडून, अडवायला भिंत नाही, छत नाही.
शेळी रवंथ करत बघत होती.
अंधार पडता पडता एकदाचा स्थिरावला,
तेव्हा मोबाइलच्या उजेडात मोजलं.
चौथा कॉलम खाली दोन बोटं सुटलेला.

दोन बोटं.
म्हणजे आमच्या भाषेत, अजून वेळ आहे.
डॉक्टरला उठवू नका.
बाईला म्हणावं, चालत राहा.

तारीख एकोणीसला पडलीय.
तोवर मी रोज चक्कर मारते,
चुन्यानं आखलेल्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये,
हॉलमधून थेट कॉलमांच्या मधून बाहेर.
चुना पुसट झालाय.
मला पाठ आहे कुठं दार आहे.