भाग अकरावा

दस्तगीर बागवानच्या दुकानात, शटर अर्धं ओढून घेऊन,
आम्ही चौघं.
बाहेर गणपती पेठ आवरत आलेली,
आत सोल्डरचा वास, वर्तमानपत्रावर भडंग,
आणि भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर दोन वीत,
महापुराची पिवळट रेघ.

ही कॅसेट त्या रेघेखाली होती.
दस्तगीरनं फीत सोडवून
शेवयांसारखी दोरीवर घातली, सावलीत,
आणि तिसऱ्या दिवशी पेन्सिलीनं परत गुंडाळली.

'तळ क्रमांक सात'. तेरा भाग.
वरुणाच्या चंद्रावर, जमिनीखाली, सहा माणसं.
साल दोन हजार दहा.
"त्या साली मला बालवाडीत घातलं," स्वरूपा म्हणते.
वालचंदला शिकते. सगळी श्रुतिका स्वच्छ करून
तिच्या मोबाईलमध्ये आहे, तरी येते.

बाहुबली चौगुल्यांना संवाद पाठ, श्वासांसकट.
रॉकेट सुटलं की ते सांगतात : हा स्टोव्ह,
माइकजवळ धरून पंप मारलेला.
हवाबंद दार म्हणजे लोखंडी कपाट.
हे सगळं सांगतात
आणि दार लागलं की दचकतात.

आम्हाला प्राणवायू कुणी समजावून द्यावा लागला नाही.
हळदीच्या पेवात उतरण्याआधी
दोरीनं कंदील सोडतात.
विझला, तर माणूस उतरत नाही.
कॅप्टन निशिकांत तळाच्या विवरात दिवा सोडायचा
तेव्हा हरिपुरात, आमच्या पुढच्या खोलीत,
मी सात वर्षांची, त्याला ओरडून सांगणार होते,
थांब जरा, वारं खेळू दे आधी.

पण बोलायचं नव्हतं.
मामानं मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर
भाऊ रेडिओच्या तोंडाला लावून बसायचे.
अर्धा तास घरात भांडं वाजायचं नाही.
आई कुकर उतरवून ठेवायची.
पुढे त्याच कॅसेटवरून
मिरज, तासगाव, पार इस्लामपूरपर्यंत नकला गेल्या.
मूळ फितीवर म्हणे नंतर
द्राक्षावरच्या भुरीची माहिती भरली.

भाग अकरावा. पाचजण गेलेत.
निशिकांत एकटा, यंत्राशी,
"कोणी आहे का?"
मग खरखर.
मग अगदी जवळून, बारीक :
"आहे."

या एका शब्दावर चाळीस वर्षं भांडण.
बाहुबली म्हणतात, परग्रहवासी, शंकाच नको,
कोल्हापूरची कुणी नटी असणार.
दस्तगीर म्हणतो, भास; मेलेली मुलगी त्याची.
स्वरूपानं संगणकावर तपासलं :
"हा आवाज त्या खोलीतलाच नाही, काका.
त्या काळात हे केलं कसं?"

मी भडंगातले शेंगदाणे वेचत राहते.

काय सांगू?
माणूस इतक्या काकुळतीनं विचारत होता,
अख्ख्या आभाळात कुणी ओ देईना.
आणि त्या 'आहे'नंतरचा तो 'धप्प',
ज्याला बाहुबली संपर्क तुटल्याचा आवाज म्हणतात,
तो भाऊंचा तळहात. माझ्या तोंडावर.
हळदीचा वास होता त्याला,
बाजारातून आल्यावर कितीही धुतला तरी राहायचा.

आज फीत तिथं पोचली.
"कोणी आहे का?"
आणि पुढे नुसता गाळ.
चर्र चर्र, पाणी पाणी.
तीन सेकंद, चार.
दस्तगीरचं बोट बटणावर जाऊन थांबलं.

तेव्हा बासष्ट वर्षांचे बाहुबली चौगुले,
डोळे मिटलेले, मफलर गळ्याशी,
पुढचे दोन दात पडलेल्या पोरीच्या आवाजात
म्हणाले,
"आहे."

माझा हात आपोआप तोंडावर गेला.

दस्तगीरनं बाजू बदलली.