वजनवही

लिंबाच्या आडव्या फांदीला ताणकाटा टांगलाय.
खताच्या पोत्याची झोळी, तिला चार भोकं,
त्यातून चार पाय खाली लोंबतात
आणि करडू माझ्याकडे असं बघतं
जशी मीच जमीन काढून घेतली त्याची.
सव्वादोन. जुळ्यातलं दुसरं, दोन.
लिही, कौतिका, मी मलाच म्हणते
आणि लिहिते.

वहीचं पहिलं पान पोराच्या भूगोलाचं.
मांजरा नदी, अर्धीच निळी केलेली.
तिच्या मागल्या अंगाला माझ्या शेळ्या सुरू होतात:
आईचा नंबर, बापाचा नंबर,
जन्माचं वजन, नव्वद दिवसांचं वजन,
आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर.
ठे, नाहीतर वि.

भूमच्या प्रदर्शनात ज्याला फेटा बांधला
तो बोकड दोन वर्षं माझ्या दावणीला होता.
काळाभोर, कानांवर पांढरे शिंतोडे,
शिंगं कशी, विळ्यासारखी मागे.
लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे.
करडंही त्याची देखणीच निघाली,
पण नव्वदाव्या दिवशी काटा नऊच्या पुढे हलेना.
माझ्या वहीत फेट्याला रकाना नाही.

दस्तगीरचाचा शनिवारी येतो, लुनावर.
जनावर डोळ्यांनी बघतच नाही तो.
कमरेवर पंजा, अंगठा मणक्याशी,
बोटं शेवटच्या बरगडीमागं, मग मांडीचा घेर.
"साडेअठरा."
माझा काटा म्हणतो, अठरा सातशे.
"सकाळी पाणी पाजलीस नं?"
पाजलं होतं.

"शिंगं कोन शिजवतंय बाई? कान कोन खातंय?
हितं बघ, हितं."
त्यानं हात उचलला,
आणि तिथंच, केस अजून दबलेले होते तिथं,
मी माझा ठेवला.

त्या दिवसापासून मी पाठीला हात लावून बोकड निवडते.

सात नंबरच्या पोटचा एक होता.
भुरकट, एक शिंग कपाळात शिरलेलं,
चेहरा उधारी मागायला आल्यासारखा.
पण सातनं चार वेतं जुळी दिली होती
आणि एकदा तिळी, तिन्ही अंगावर वाढवलेली.
बालाघाटाच्या उतारावर, उन्हाळ्यात,
नुसत्या बाभळीच्या शेंगांवर.
त्याच्यापुढं ठे लिहिलं.
"आई, पोरं मला हसायलेत," पोरगा म्हणाला,
"तुमचा बोकड बगून."
हसू दे.
पहिल्या वर्षी नव्वद दिवसांना साडेदहा.
दुसऱ्या वर्षी अकरा, आणि एक पाठ तर पावणेबारा.

मग त्याच्या लेकी माजावर यायला लागल्या.
लेकीवर बाप सोडायचा नाही,
एवढं तर आडाणी माणसालाही कळतं;
तरी आळस येतो, नवा बोकड महाग असतो.
वाशीच्या एकीला तो दिला, तिचा मी आणला.
जाताना वाकड्या शिंगानं त्यानं टेम्पोचा पत्रा वाजवला.
बस, तेवढंच.

सात मात्र दोनदा रिकामी राहिली.
दात झिजले, पाठीवरचं मांस उतरलं.
वि हे अक्षर मी दिवाळीतच लिहिलं होतं,
फक्त शिसपेन्सिलीनं.
चैत्रात त्याच्यावरून बॉलपेन फिरवला.

चाचानं तिच्या कमरेवर हात ठेवला.
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.
"एकोणतीस."
काटा म्हणाला, अठ्ठावीस. आणि पाजली नव्हती.
त्याच्या हाताची एवढी चूक
सहा वर्षांत मी कधी पाहिली नव्हती.
तो रुमालानं मान पुसत राहिला.
मी काटा काढून ठेवला, काही बोलले नाही.
वहीत काट्याचं वजन लिहिलं,
पैसे हाताच्या वजनाचे घेतले.

तिच्या पानावर खाली दोन ओळी उरल्या होत्या.
कोऱ्या कशाला सोडायच्या, वह्या काय फुकट मिळतात?
एक्केचाळीस, सातची नात,
त्याच रात्री व्याली.
दोन सहाशे.
दोन चारशे, हे जरा उशिरा उभं राहिलं.