खाली रेघ असलेला ज

पोहूमलदादा बातम्या उजवीकडून डावीकडे लिहितात,
पापडाच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर,
आणि मला वाचून दाखवतात.
मी डावीकडून उजवीकडे टाइप करते.
कोपरी कॉलनीतल्या या पोटमाळ्यावर
मधे कुठेतरी आमची गाठ पडते.

नातवंडांना त्यांचं अक्षर लागत नाही.
म्हणून देवनागरी, म्हणून मी.
लग्नपत्रिकांचं काम आटल्यापासून
ओळीमागे दोन रुपये, वर चहा.

पहिल्या दिवशी म्हणाले, लिही: अॼु.
मी लिहिलं, अजु.
नाही, म्हणाले. तुझा ज बाहेर जातो.
आमचा आत येतो.
तोंड उघडून दाखवलं. कवळी हलली.
कळशी पाण्यात तिरकी होताना करते
तसा काहीसा आवाज.
आज, म्हणाले. आमच्यात आज म्हणायचं
तर आधी थोडी हवा आत घ्यावी लागते.

तो ज शोधायला मला दोन रात्री लागल्या.
चारच अक्षरं, ओळखीचीच,
प्रत्येकाच्या पायाशी एकेक रेघ:
ॻ ॼ ॾ ॿ
सापडली, टाकली.
सकाळी उल्हासनगरहून, कॅम्प तीनमधून, हेमनदासचा फोन:
पोहू, बातमीत डबे का भरलेस?

त्यांच्या जुन्या मोबाइलवर
रेघवाल्या प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन.
गावाच्या आरंभी चौकोन, दुःखाच्या आरंभी चौकोन.
दोन मुलं हरवली, संध्याकाळी सापडली,
त्यातले दोनही गेले आणि मुलंही.
आणि बोली म्हणतात ना ती,
तिचंही पहिलंच अक्षर.

बातम्या तरी कसल्या?
बारा ते पाच पाणी नाही.
धर्मशाळेच्या लिफ्टचं काम झालं, पण बसवणारा परत बोलवावा लागेल.
चेटीचंडच्या वर्गणीत साडेचार हजार कमी पडतात,
ज्यांनी द्यायचे त्यांना माहीत आहे.
रुक्मणी मीरचंदाणींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
भेटायला जाऊ नये, चिडतात.
दिल्लीची बातमी शेवटी, दादा दमले नसतील तर.

तीनशे बारा वाचक. दादा आकडा पाठ ठेवतात.
श्रद्धांजलीची बातमी टाकून झाली
की चष्मा पुसत म्हणतात,
एक कमी कर.

पुलापलीकडे चेंदणीत आमचं घर.
आई जेवताना विचारते, काय लिवलंस आज?
मी लिफ्टचं सांगते, वर्गणीचं सांगते.
ती ऐकते, बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला लावते
आणि एकदा म्हणाली,
आपले बोलीन कवा येल गो बातमी?
आई, आपली अक्षरं सगळी आहेत.
एकालाही रेघ लागत नाही,
कुठल्याच मोबाइलवर चौकोन येत नाही.
मंग?
मी पाणी प्यायले. भात संपवला.

फॉन्टचं शेवटी जमलं.
जमलं की नाही ते हेमनदासच सांगतील,
म्हणून मी तीन दिवस फोनची वाट पाहिली.

चौथ्या दिवशी दादा बिल न घेता बसले.
म्हणाले, लिही. हेमनदास. वय ब्याऐंशी. कॅम्प तीन.
नाही, थांब, आधी ते.
आणि अ म्हणाले,
आणि हवा आत घेतली,
आणि ती आतच राहिली.

खाली कोणीतरी अर्धा किलो मूग-उडीद मागत होतं.
माझं बोट त्या ज वर होतं,
दाबलं नव्हतं.
घशाशी मी तो आवाज जुळवून बघत होते,
हळू, त्यांना ऐकू जाणार नाही असा.
मग म्हटलं, दादा,
पुढे?