रोजचे दोनशे चाळीस

नायकवडी काकांची लुना गल्लीच्या तोंडाशी खोकली
की मी मशीनवरचा पाय थांबवायची.
सात वाजून दहा.
मंगळवार पेठेत तेव्हा कुणाकडं कुकरची तिसरी शिट्टी,
आमच्याकडं पतसंस्था.

दोनशे चाळीस.
म्हणजे सहा साड्यांचा फॉल-पिको, एकीचे चाळीस धरून.
लग्नसराईत दुपारी चारपर्यंतचं काम,
पितृपंधरवड्यात अख्ख्या आठवड्याचं.

ह्यांनी उद्यमनगरात निम्म्या भागीत जुना लेथ घेतला होता.
भागीदार पुण्याला गेला, नंबर बदलून.
लेथ गेला भंगाराच्या भावानं, टेम्पोतून,
वर निळी ताडपत्री, आजारी माणसाला पांघरावी तशी.
माझा साज गुजरीत.
गळ्याशी हात न्यायची सवय मोडायलाच
एक वर्ष गेलं.

सिलिंडरवर खडूनं तारीख घालायची.
एकतीस दिवस जायचा, तो सत्तेचाळीसवर नेला:
डाळ रात्रीच भिजत,
भाताचं पातेलं अर्धं शिजलं की गोधडीत.
कपिलतीर्थला जायचं रात्री साडेआठला,
वाटे निम्म्यावर आले की;
मेथीनं मान टाकलेली असते, पण फोडणीत कुठं कळतंय.
रविवारी अकराला मात्र
खोबरं-कांदा भाजायला घ्यायचा दार सताड उघडं ठेवून.
गल्लीला वाटू दे, आज अर्धा किलो आहे.
रश्श्यात सोयाबीन.
पहिल्यांदा वाढलं तेव्हा हे वाटीत बघत राहिले,
मग म्हणाले, "कट झकास आलाय."

एकदाच दिवा घालवून बसलो.
प्राचीला डेंग्यू, सीपीआरमधून आदल्या दिवशी आणलेली,
डब्यात बत्तीस रुपये.
लुना आली. थांबली. कडी वाजली नाही.
अंधारात मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं,
आपसूक फिरेल की काय म्हणून.
मग लुना गेली.
दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे आले,
एका दिवसाचेच घेतले.
मी विषय काढला नाही. काढला असता तर
द्यावे लागले असते.

तीन वर्षं.
गेल्या बुधवारी बेबाकीचा दाखला मिळाला.
साहेबांनी शिक्का दोनदा मारला, पहिला फिकट उठला.
घरी येऊन वही आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं,
उगाच, सवयीनं, बोट ओळीवर फिरवत.
वहीत सतरा सप्टेंबरला शून्य.
पासबुकात सतरा सप्टेंबरला दोनशे चाळीस,
निळ्या शाईत, आणि काकांची ती वाकडी सही.

सात दहाला लुना खोकली, पलीकडच्या सुताराच्या दारात.
मी नोटा घेऊन आडवी गेले.
काकांनी चष्मा कपाळावर सारला.
"न्हाई आठवत, वैनी. वही भिजली आसंल तुमची."
"वही कोरडी हाय, काका."
"मग माझी भिजली आसंल."
लुना चालू होईना. चारदा पायडल मारलं,
पाचव्यांदा मीच मागून ढकलली.

यंदा चटणी पुऱ्या मापाची केली, पाच किलो मिरचीची.
तीन वर्षं दोनच किलो करायचे
आणि मार्चपासून पळीऐवजी चमचा.
डंकावरून येताना एक बरणी काकांच्या घरी दिली.
त्यांच्या सुनेनं वास घेतला, शिंकली, हसली.
बरणी परत आली ती हातशेवया भरून.
साज अजून गुजरीतच आहे,
त्याचं व्याज निराळं. ते दिवाळीनंतर बघू.

सात दहाला पाय अजून थांबतो.
मधे एक टाका सुटतो, तो मागं जाऊन घालावा लागतो.

काल रविवार.
त्याच दोनशे चाळीसांतून पाव किलो आणलं.
सुटे परत आले ते प्राचीनं मोजून डब्यात टाकले.
ह्यांनी स्वतः कांदा चिरला, जाड, पुरुषांचा.
तवा तापला, खोबरं टाकलं,
वास उठायच्या आत मी उठले
आणि दार लावून घेतलं.