तीन महिन्यांची सरासरी

लग्न झालेल्या बहिणीला सूतक तीन दिवसांचं,
असं आमच्याकडे मानतात.
चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं,
सहकारनगरात परत आले
आणि कुकर लावला.

ही श्रावणातली गोष्ट.
आश्विनात तुळपुळे डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला.
नऊ पूर्णांक चार.
"ही कालची साखर नव्हे, जयूताई,
तीन महिन्यांची सरासरी आहे."

म्हणजे रक्त हिशेब ठेवत होतं.
रात्री दोनला ओट्याशी उभ्यानं खाल्लेल्या खारीचा,
कपाटात तशाच राहिलेल्या फिरायच्या बुटांचा,
"मी अगदी ठीक आहे" म्हणून ठेवलेल्या
प्रत्येक फोनचा.

या वर्षी फराळ करणार नाही, असं जिन्यात सांगितलं.
एकीलाच सांगितलं. तेवढं पुरलं.
धनत्रयोदशीपर्यंत ओट्यावर अकरा डबे:
ओसवालांचा मोहनथाळ,
मुजावर भाभींचे तुपातले शंकरपाळे,
गोडबोल्यांचे बेसनाचे लाडू, प्रत्येकावर एक बेदाणा,
आणि झाकणावर नावाची पट्टी, डबा परत यावा म्हणून.
माझा भाऊ गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं.
मला साखर आहे हे कुणालाच नव्हतं.
मीच कधी बोलले नव्हते.

लक्ष्मीपूजनाला फटाक्यांचा धूर चौथ्या मजल्यापर्यंत आला.
खिडक्या लावून घेतल्या.
एक लाडू खाल्ला.
दुसरा दिगूसारखा खाल्ला,
आधी बेदाणा काढून, ताटलीच्या कडेला ठेवून.
तिसऱ्यानंतर बोट टोचलं.
यंत्रानं दोनशे ऐंशी दाखवले.
"माहितेय," मी यंत्राला म्हटलं
आणि तिथंच फरशीवर बसले,
गुडघ्यांना न विचारता.

तेव्हा कुंदावहिनीचा फोन आला.
कशी आहेस, असं नाही विचारलं तिनं.
म्हणाली, "झोप लागते का गं तुला?"

नाही, म्हटलं.
"मलाही नाही. परवा सहाला तळजाईवर ये.
आणि हे बघ, काही करून आणू नकोस."

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही दोघी,
मी गुडघ्याला पट्टा लावून,
ती दिगूचा स्वेटर घालून, बाह्या दुमडून.
झाडीत कुठंतरी मोर ओरडत होता.
पहिल्या वळणावर ती त्याच्या घोरण्याबद्दल बोलली,
दुसऱ्या वळणावर पार्किंगमधल्या स्कूटरबद्दल,
जिची किल्ली ती रोज फिरवते आणि चालू करत नाही.
बाकावर बसून आम्ही काकडी खाल्ली, मीठ लावून.
मग मी रडले.
नीट, आवाज करून, नाक पुसत.
फिरायला आलेले एक गृहस्थ थबकले,
वहिनीनं त्यांना हातानंच पुढे जा म्हटलं.

घरी येऊन डबे धुतले.
रिकामा डबा परत करू नये म्हणतात,
म्हणून कुंडीतला कढीपत्ता घातला एकेकात
आणि दारोदार सांगत गेले, मला मधुमेह आहे.
गोडबोलेबाई म्हणाल्या, "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"
नाही सांगता आलं, म्हटलं.
त्यांनी दार लावलं नाही. मीही निघाले नाही.
अर्धा तास आम्ही उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो.

भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात.
दुजेची कोर, सातच्या आत मावळते.
तबकात निरांजन ठेवलं, सुपारी ठेवली,
साडेपाचला गोळी घेऊन दोन घास खाल्ले
आणि पाच मिनिटं टेकले.

डोळे उघडले तेव्हा दूधवाला बेल वाजवत होता.
वात तशीच कोरडी.
चंद्र रात्रीच जाऊन आला असेल,
बहीण झोपलीय म्हणून
हाक न मारता.

माघात पुन्हा रक्त द्यायचंय.
त्या सरासरीत
ही एक रात्र धरली जाईल.