डॅमेज वही

सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा
वरच्या फळीवरून निसटला
आणि देवानंद नेवारेच्या उजव्या पायावर आला,
तेव्हा साहेबांनी काउंटरवरूनच विचारलं,
"फुटला काय रे?"

देवानंदला वाटलं, पायाचं विचारतात.
"हाव," म्हणाला.
साहेब धावत आले. डबा उचलला,
चारी अंगांनी फिरवला, कडेला बोट लावून वास घेतला.
फुटला नव्हता. पोचा पडला होता नुसता.
"मंग काहून हाव म्हनतं बे?"

एप्रिल. गोदामावर टिनाचं छत.
एसी गिऱ्हाइकांच्या बाजूला.
दर्यापूरच्या बायपासवर हे मार्ट उघडलं
त्या दिवशी आम्हा अकरा जणांना निळे टी-शर्ट मिळाले.
बूट मागाहून येणार होते.
देवानंदची स्लीपर डब्याखालून मी काढली,
तिचा पट्टा तेवढा शाबूत.

डॅमेज वही माझ्याकडं असते.
उंदरानं कुरतडलेला रवा, गळकं फिनाइल,
उन्हानं एकमेकांना चिकटलेली चॉकलेटं:
तारीख, माल, नग, किंमत, सही.

ज्योत्स्ना उईके साखरेचं पोतं ओढताना वाकली,
अजून पुरती सरळ झाली नाही.
तिला आता खालच्या फळ्या लावायला देतात,
वाकलेलीच आहे म्हणून.
ती वहीत नाही.
माझं मनगट रात्री उशाशी मुंग्यांचं वारूळ होतं,
दिवसभर टीं, टीं, टीं,
तेही नाही.

त्या संध्याकाळी लिहिलं:
सोया तेल, पंधरा किलो, पोचा, नग एक.
पेन तिथंच राहिलं थोडा वेळ.
मग खालच्या ओळीत:
अंगठा, उजवा, नग एक.
किमतीच्या रकान्यात काय भरावं कळेना.
रेघ ओढली.

महिनाअखेरीला साहेबांनी पान उलटलं.
ओरडले नाहीत.
"हे वही अमरावतीले जाते, बाई," एवढंच.
खणातून व्हाइटनर काढलं,
अंगठ्यावर जपून फिरवलं, काठाबाहेर न जाऊ देता,
आणि लवकर वाळावं म्हणून
हलकेच फुंकर घातली.

माझ्या सुट्टीच्या मंगळवारी येवद्याला गेले.
देवानंद ओसरीत बाजेवर,
पायाला बँडेज, हळदीसारखं पिवळं पडलेलं.
बायकोनं पाणी दिलं, मी आणलेली बिस्किटं
पोरानं तिथंच फोडली.
पगार किती दिवसांचा धरला, हे मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.
पाय उंच ठेवायला डॉक्टरनं सांगितलं होतं
आणि खाली डबा होता. तोच.
कोणी घेईना म्हणून यालाच लावला,
दहा टक्के कमी करून, पगारातून.
तेल अर्ध्यावर आलेलं.

"पाय," तो म्हणाला,
आणि जरा सरकून दाखवलं,
"टाच बराबर बसते पोच्यात."